नजीकचा भविष्यकाळ

फ्रेंचमधला र माझ्याकडून अजून नीट होत नाही.
पुण्यात शिकले तेव्हा सर म्हणायचे, गुळण्या करा, पाणी गिळू नका.
केल्या. ओढणी भिजली, र आला नाही.
इथे फहाहीलच्या शाळेत सातवी ‘ब’ला तो पहिल्याच दिवशी आला,
कारण आधीच्या तासाला अरबीच्या उस्तादांनी
पोरांकडून ‘घैन’ घोटून घेतलेला असतो.
मी फक्त म्हणते, तोच काढा, जरा हलका.
आणि एकतीस पोरं माझ्याहून बरं फ्रेंच बोलतात.

का घेतात फ्रेंच, ते मला पक्कं ठाऊक आहे.
मार्क पडतात.
पुस्तकात एक बेकरी, एक छत्री,
मार्गो नावाची मुलगी आणि तिचं आळशी मांजर.
खिडकीबाहेर धूळ अशी उठलेली
की बसचा पिवळा रंगसुद्धा दिसत नाही,
आणि आम्ही एका सुरात:
बर्फ पडतो आहे, बर्फ पडतो आहे.

टेबल ‘ती’ कशी, नेविन कुरुविला विचारतो.
त्याच्या मल्याळममध्ये टेबलाच्या मागे असलं काही लागत नाही.
माझ्या भाषेत ते ‘ते’ असतं, हे मी सांगत नाही.
आहे झालं, म्हणते. पाठ कर.

मग क्रियापदं. जाणे.
फळ्यावर लिहिलं, मोठ्याने वाचलं:
नू-झालों. आपण जातो.
मागच्या बाकावर तस्नीम परकार फिसकन हसली.
चिपळूणजवळच्या कालुस्त्याची, जन्म मात्र इथला.
‘मादाम, आलों म्हणजे तर आलो ना?’
अख्ख्या वर्गात तेवढं आम्हा दोघींनाच कळलं.
मी डोळे वटारले,
आणि फळ्याकडे तोंड करून हसून घेतलं.

मे महिन्यात नजीकचा भविष्यकाळ घेतला.
सोपा असतो. ‘जाणे’ लावायचं, पुढे जे करायचं ते.
सुट्टीत काय करणार, पाच ओळी.
वह्या घरी आणल्या.
अहमदीकडून येणारा रिफायनरीचा वास, कुकर, लाल पेन.
हरिणी पोहणार आहे.
नेविन कोट्टयमला फणस खाणार आहे;
फणसाला फ्रेंच शब्द सापडला नाही, म्हणून चित्र काढलंय, काट्यांसकट.
ऑल्विन झोपणार आहे. पाचही ओळी झोपणार आहे.

तस्नीमच्या वहीत:
अब्बा इकामा परत करणार आहेत.
आम्ही निघणार आहोत.
आम्ही परत येणार नाही.
मी हे कुणाला बोलणार नाही, अम्मीने शपथ घातली आहे.
आमच्या घरात कुणी फ्रेंच शिकणार नाही.

मी व्याकरण तपासलं. दुसरं काय तपासणार?
नकाराचे दोन तुकडे क्रियापदाच्या दोन्ही अंगांना, जिथल्या तिथे.
कर्त्याशी क्रियापद जुळलेलं.
बाकी तीस जण जी चूक करतात, तीही नाही.
दहापैकी दहा.
आणि हाताला सवय. तो खाली लिहून गेला,
त्रे बियाँ. फार छान.

व्हाइटनर लावला. सुकल्यावर
त्यातून लाल वर आलं, गुलाबी होऊन.

रविवारी वह्या वाटल्या.
तिने तो ठिपका नखाने खरवडून पाहिला,
वही मिटली, दप्तरात टाकली.
‘मेर्सी, मादाम.’
तो र. पार घशाच्या तळातून.

तास संपल्यावर दारात रेंगाळली.
‘नू-झालों पार्तिर,’ हळूच म्हणाली,
पाढा एकदा तपासून घ्यावा तशी.
आलों, मला ऐकू आलं, निघायला.
बरोबर आहे, मी म्हटलं.

पुढचा तास आठवी ‘अ’.